दिलेला शब्द : १९४६ च्या खलाशांची हकिगत

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, प्रवासवर्णने, संतचरित्रे येतात. यंदा चिटणीसबाईंनी, "इतिहासावर कोणी लिहील का?" असे विचारले, तेव्हा मी नौदलाच्या बंडाचा विषय मागून घेतला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठमोठ्या ग्रंथांची चिकित्सा करणे माझे काम नव्हे. पण वाचनालयातली पुस्तके वाचताना माझ्या असे ध्यानात आले की, मुंबईच्या समुद्रात १९४६ साली जे घडले त्याची सुरुवात जेवणाच्या ताटापासून झाली. आणि ताटाविषयी चार शब्द बोलायचा अधिकार आपणा बायकांना निश्चित आहे.

इंग्रजांच्या अमदानीत हिंदुस्थानच्या आरमाराला 'रॉयल इंडियन नेव्ही' म्हणत. दुसरे महायुद्ध १९३९ साली सुरू झाले तेव्हा हे आरमार अगदी लहान होते. सारी माणसे मिळून दोन हजारांच्या आसपास. त्यांत आपल्या कोकणपट्टीतले, विशेषतः रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी पुष्कळ असत. घर समुद्राकाठी, बाप खलाशी म्हणून मुलगाही खलाशी, अशी त्यांची रीत. युद्ध पेटल्यावर मात्र सरकारला माणसांची निकड लागली. पाच-सहा वर्षांत ही संख्या तीस हजारांच्या घरात गेली. बंगाल, मद्रास, पंजाब, संयुक्त प्रांत, सगळ्या मुलुखांतून तरुण पोरे आली. त्यांतली कित्येक चांगली शिकलेली होती. बिनतारी यंत्रावर संदेश पाठवणे, यंत्रे दुरुस्त करणे ही कामे अडाणी माणसाकडून होण्याजोगी नव्हती.

ही पोरे आली ती कशाच्या भरवशावर? जाहिरातींच्या, आणि भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या तोंडच्या शब्दाच्या. पगार चांगला, जेवणखाण उत्तम, कपडालत्ता सरकारचा, हातात हुन्नर येईल, देशोदेशीची बंदरे पाहायला मिळतील, बढती मिळेल, आणि युद्ध संपले की या शिक्षणाच्या जोरावर नोकरीची ददात राहणार नाही. घरी म्हातारे आईबाप, पाठची भावंडे, आणि दारात हा सरकारी माणूस असे सांगतो आहे. कोण नाही म्हणेल? आपल्याकडे लग्न जमवताना मध्यस्थ सांगतो की मुलाला कायमची नोकरी आहे, स्वतःची जागा आहे, सासू अगदी गाय आहे. लग्न लागले की मध्यस्थ पुन्हा दिसत नाही, आणि मुलगी सासरी ज्याच्या-त्याच्या तोंडाकडे पाहत बसते. भरतीचेही तसेच झाले. शब्द देणारा भरतीच्या कचेरीत राहिला आणि तो पाळायची जबाबदारी जहाजावरच्या कप्तानाची, ज्याने तो शब्द कधी ऐकलाच नव्हता.

जहाजावर आणि बराकीत पोचल्यावर पोरांना काय दिसले? पहिली गोष्ट जेवण. भातात खडे, डाळीत पाणी फार आणि डाळ थोडी, भाजी शिळी. तक्रार केली तर दाद नाही. आपल्या घरात भात खाताना दाताखाली एक खडा आला तर घरधनी मान वर करून पाहतो, आणि आपल्याला मेल्याहून मेल्यासारखे होते. मुंबईत १९४३ साली रेशनिंग सुरू झाले. त्या दिवसांतले धान्य कसे असे हे आपण सर्वांनी आपापल्या सासवा-आजेसासवांकडून ऐकलेले आहे. सूप घेऊन बसायचे, पाखडायचे, निसायचे, तेव्हा कुठे शेरातले तीन पाव हाती लागे. पण घरात निसणारी बाई होती. हजार-हजार माणसांच्या भटारखान्यात कोण निसणार? एखादे दिवशी खडा लागला तर माणूस थुंकून टाकतो. रोज दोन वेळा, वर्षानुवर्षे लागू लागला तर त्याच्या मनात येते की, माझी यांना काडीची किंमत नाही. सैन्य पोटावर चालते असे म्हणतात. मला वाटते ते मानावरही चालते, आणि ताटात दोन्ही गोष्टी एकदम दिसतात.

दुसरी गोष्ट पगार. त्याच समुद्रात, तेच काम करणाऱ्या गोऱ्या खलाशाला पगार कितीतरी अधिक, त्याच्या कुटुंबाला भत्ता अधिक, त्याच्यासाठी स्वस्त आणि चांगल्या मालाचे दुकान वेगळे. आपल्या पोराच्या घरी जाणारी मनिऑर्डर त्या मानाने लहान. तिसरी गोष्ट बोलणे. गोऱ्या अधिकाऱ्यांपैकी पुष्कळजण युद्धकाळात घाईने भरलेले, इथल्या माणसांची भाषा किंवा रीतभात न जाणणारे. हाक मारायची तीच शिवी देऊन.

कोणी म्हणेल, आरमारातल्या माणसाने एवढे नाजूक असून कसे चालेल? पण ही पोरे नाजूक नव्हती. १९४२ च्या नोव्हेंबरात 'बेंगॉल' नावाच्या आपल्या एका छोट्या जहाजाने, एका डच तेलवाहू जहाजाच्या साथीने, हिंदी महासागरात दोन मोठ्या जपानी जहाजांशी झुंज घेतली आणि त्यांतले एक बुडाले. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरही या खलाशांनी जिवाची बाजी लावली. तोफेपुढे जो डगमगला नाही तो खड्याच्या भातापुढे हिंमत हरला, यात त्याची नाजूकता नाही. तोफ शत्रूची होती, भात धन्याचा होता.

बरे, बंडाची ही काही पहिली ठिणगी नव्हे. युद्ध चालू असतानाच या आरमारात ठिकठिकाणी लहानसहान बंडे झाली होती. जेवण, वागणूक, धर्माच्या बाबतीतला हलगर्जीपणा, अशी कारणे. प्रत्येक वेळी चार माणसांना शिक्षा झाली आणि कारण जिथल्या तिथे राहिले. भांड्याला पडलेले भोक बुजवायचे सोडून सांडलेले पाणी तेवढे पुसत राहायचे, त्यातला प्रकार.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये युद्ध संपले. गरज सरो आणि वैद्य मरो, ही म्हण त्यानंतरच्या सहा महिन्यांना चपखल बसते. हजारो खलाशांना कामावरून कमी करायचे होते. ते घरी जाईनात, कारण कागद हलत नव्हते. नोकरीच्या वचनाचे कोणी नाव काढीना. मुंबईच्या बराकींत खच्चून गर्दी झाली. जाताना मिळणारी रक्कम तुटपुंजी, आणि अंगावरचे सरकारी कपडेही परत करून जा म्हणत. पुढे संपाच्या मागण्यांत, 'सुटका होताना कपडे परत मागू नयेत' ही एक मागणी आहे. मोठ्या राजकीय मागण्यांच्या शेजारी ती वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. ज्या सरकारने या पोरांना सुखाचे आयुष्य कबूल केले होते, त्या सरकारपाशी ती शेवटी अंगातला सदरा मागत होती.

गोऱ्यांचेसुद्धा फार वेगळे चालले नव्हते. १९४६ च्या जानेवारीत इंग्लंडच्याच विमानदलातल्या शिपायांनी कराचीजवळ ड्रिग रोडच्या तळावर काम बंद केले, ते याचसाठी की युद्ध संपले तरी आम्हांला घरी का पाठवीत नाही. तो संप हिंदुस्थानातल्या आणि पूर्वेकडच्या कितीतरी तळांवर पसरला. त्यांच्यावर कोणी तोफ रोखली नाही. खलाशी हे वर्तमानपत्रांत वाचत होते. त्याच हिवाळ्यात दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लाँ या अधिकाऱ्यांवर खटला चालला होता. सारा देश त्यांच्यामागे उभा राहिला आणि जानेवारीच्या आरंभी सरकारला त्यांना सोडावे लागले. तेव्हा खलाशांच्या मनात आले असेल की आपण कोणाचे मीठ खातो आहोत, आणि त्या मिठात खडे का?

आता कुलाब्याला यायचे. तिथे 'तलवार' नावाचे नौदलाचे केंद्र होते. नाव जहाजाचे, पण जमिनीवरची शाळा. तिथे बिनतारी संदेशांचे शिक्षण दिले जाई. १ डिसेंबर १९४५ ला नौदल दिन होता आणि त्या दिवशी केंद्र लोकांना पाहायला खुले करायचे होते. सकाळी उठून अधिकारी पाहतात तो भिंतींवर 'चले जाव' आणि 'जय हिंद', निशाणाच्या काठीवर झाडू आणि बादल्या. हे करणाऱ्यांत बलाईचंद्र दत्त नावाचा एक बंगाली तरुण होता. पुढे २ फेब्रुवारी १९४६ ला सरसेनापती ऑकिनलेक यांच्या भेटीच्या वेळी पुन्हा घोषणा रंगवल्या गेल्या, आणि दत्त पकडला गेला.

त्या केंद्राचा मुख्य अधिकारी होता कमांडर किंग. ८ फेब्रुवारीला तो बराकीत शिरला आणि खलाशांना नको नको त्या शिव्या दिल्या. कुत्रीची पोरे, हमालांची पोरे, जंगली. त्याचे म्हणणे असे होते की, नौदलात काम करणाऱ्या बायका वाटेने जात असता या पोरांनी त्यांना पाहून शिट्ट्या मारल्या, वेडेवाकडे आवाज काढले. मी बाई आहे. तसे झाले असेल तर मला ते मुळीच आवडणार नाही. ज्याने केले त्याला शोधून शिक्षा करायला हवी होती. पण बायकांची अब्रू राखायला निघालेल्या माणसाने पोरांच्या आयांना कुत्री म्हणावे, हा कुठला न्याय? शिवी कोणालाही दिली तरी ती शेवटी आईवरच जाऊन पडते. या पोरांच्या आया रत्नागिरीला, बरद्वानला, लाहोरला चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी कोणाला शिट्टी मारली नव्हती.

तरी पोरांनी लगेच बंड केले नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चौदा जणांनी रीतसर लेखी तक्रार केली, तीही एकेकट्याने. सर्वांनी मिळून तक्रार करणे हाच मुळी आरमाराच्या कायद्यात बंडाचा गुन्हा. त्या तक्रारी फिरत फिरत गेल्या कोणाकडे, तर ज्याच्याविरुद्ध होत्या त्या किंगकडेच. आठवडा गेला. मग त्याने त्यांना बोलावून बजावले की, वरिष्ठावर खोटा आळ घेणे हा मोठा गुन्हा आहे, पुन्हा विचार करा. झाले. कायद्याने चालायची जी एक वाट होती ती अशी बंद झाली. मला विचाराल तर, बंडाला खरे तोंड फुटले ते या दिवशी.

१८ फेब्रुवारी १९४६, सोमवार. 'तलवार'वरच्या खलाशांनी सकाळची न्याहारी घेतली नाही. अन्न नाही तर काम नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. हजारावर पोरे उपाशी बसली. अधिकारी आले, समजावून पाहिले. किंगला हलवून दुसरा अधिकारी नेमला. पण आता वेळ टळून गेली होती. शिवाय संप झाला तो नेमका संदेश पाठवणाऱ्यांच्या केंद्रात. त्यांच्या हाती बिनतारी यंत्रे. बातमी जहाजाजहाजांवर गेली. दुसऱ्या दिवशी कॅसल बराकी, फोर्ट बराकी, बंदरातली जहाजे, सगळ्यांनी काम टाकले. (कॅसल बराकींच्या जागी आता नौदलाचे 'आंग्रे' हे केंद्र आहे. कान्होजींचे नाव तिथे आले याचे बरे वाटते.) मग कराची, मद्रास, कलकत्ता, विशाखापट्टण. अठ्ठ्याहत्तर जहाजे, वीस केंद्रे आणि सुमारे वीस हजार खलाशी यांत सामील झाले असे इतिहासकार सांगतात. खलाशांनी आपली मध्यवर्ती संप समिती निवडली. अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. एक मुसलमान, एक शीख. दोघेही ऐन पंचविशीतले. जहाजांवर काँग्रेसचे, लीगचे आणि लाल बावट्याचे, अशी तीन निशाणे शेजारी शेजारी चढली. पुढच्या वर्षभरात देशात काय झाले हे आठवले म्हणजे या तीन निशाणांकडे पाहून गलबलून येते.

मागण्यांची यादी वाचण्यासारखी आहे. आझाद हिंदच्या सैनिकांना आणि राजकीय कैद्यांना सोडा, इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलवा, या मागण्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूला चांगले हिंदी जेवण, गोऱ्यांइतका पगार आणि कुटुंबभत्ता, लवकर सुटका, किंगवर कारवाई, माणुसकीने बोलणे, आणि ते कपडे. काही विद्वान वाद घालतात की हा पोटासाठीचा संप होता की देशासाठीचा उठाव. मला हा वादच समजत नाही. परक्याच्या राज्यात भातातला खडा कोणी काढीत नाही, म्हणून तर आपले राज्य हवे असते.

२० तारखेला लष्कराने बराकींना वेढा घातला. २१ ला कॅसल बराकींतून बाहेर पडू पाहणाऱ्यांवर गोळ्या सुटल्या, आतूनही सुटल्या, आणि कित्येक तास गोळीबार चालला. नौदलाचे प्रमुख ॲडमिरल गॉडफ्रे यांनी रेडिओवरून धमकी दिली की, शरण या, नाहीतर सारे आरमार नष्ट झाले तरी चालेल, पण सरकार आपले बळ वापरील. ज्यांना युद्धात आरमाराची शान म्हणून गौरवले त्यांनाच आरमारासकट बुडवण्याची ही भाषा.

बराकींत आणि जहाजांवर शिधा संपत आला होता. हे कळताच मुंबईची माणसे गेटवेवर धावली. कोणी पाव आणले, कोणी फळांच्या पाट्या, कोणी दुधाच्या बरण्या. इराण्यांनी, हिंदू-मुसलमान दुकानदारांनी खलाशांना सांगितले की लागेल ते घेऊन जा. पहाऱ्यावरच्या हिंदी शिपायांनीसुद्धा त्या पाट्या होड्यांत चढवायला हात लावला. रेशनचे दिवस होते. घरातले काढून दिले, उरलेले नव्हे. या बंडाची जी चित्रे मनात येतात त्यांत मला हेच सर्वांत मोठे वाटते.

२२ फेब्रुवारीला मुंबईत हरताळ झाला. कम्युनिस्ट पक्षाने हाक दिली होती. अरुणा असफ अली, अच्युतराव पटवर्धन अशी समाजवादी मंडळी खलाशांच्या बाजूची होती. सरदार पटेलांनी हरताळ पाळू नका असे सांगितले होते. तरी सुमारे तीन लाख कामगार रस्त्यावर आले. गिरण्यांचे भोंगे वाजले आणि आत कोणी गेले नाही. दोन दिवस परळ, लालबाग, डिलाईल रोड, भेंडीबाजार या भागांत गोऱ्या फौजांच्या गाड्या फिरत होत्या आणि गोळ्या झाडीत होत्या. आमच्या आजेसासूबाई तेव्हा परळला चाळीत राहत. त्या सांगत की, मुलांना गॅलरीतून ओढून आत घेतले, दारे लावली, गाद्या उभ्या करून खिडक्यांना लावल्या, आणि दोन दिवस दूध आले नाही म्हणून तान्ह्याला भाताची पेज पाजली. त्याच परळला कमल दोंदे गोळी लागून मरण पावल्या. कुसुम रणदिवे यांच्या पायाला गोळी लागली. सरकारी आकड्यांप्रमाणे २२८ नागरिक मेले आणि हजारावर जखमी झाले. त्यांतला एकही खलाशी नव्हता. दुसऱ्यांच्या मुलांचे हाल ऐकून घराबाहेर पडलेली ही माणसे. नौदलाच्या इतिहासात त्यांची नावे शोधू लागले तर सापडत नाहीत.

आता दुसऱ्या शब्दाची गोष्ट. हीच मला खरी सांगायची होती.

खान वल्लभभाईंना भेटला. सरदारांनी सल्ला दिला की शस्त्रे खाली ठेवा. तुमच्यावर सूड उगवला जाऊ नये आणि रास्त मागण्या मान्य व्हाव्यात म्हणून काँग्रेस होईल तेवढे करील. जिनांकडूनही तशाच अर्थाचा निरोप आला. रात्रभर समितीत वादावादी झाली. काही जणांना शरण जायचे नव्हते. शेवटी २३ फेब्रुवारीच्या सकाळी जहाजांवर काळी निशाणे चढली. आम्ही इंग्रजांना नव्हे, आपल्या देशाच्या पुढाऱ्यांना शरण जात आहोत, असे समितीने जाहीर केले. एका धन्याचा शब्द खोटा ठरला, म्हणून पोरांनी आता घरच्या वडील माणसांच्या शब्दावर मान ठेवली.

आणि धरपकड सुरू झाली. शेकडो पकडले गेले. त्यांतल्या पुष्कळांना मुलुंडच्या छावणीत ठेवले होते. आपण लोकलने मुलुंडवरून जातो-येतो, पण तिथे कधीकाळी हे खलाशी कोंडले होते हे किती जणांना ठाऊक आहे? चारशेच्या वर माणसांना नोकरीतून काढून टाकले. नावावर डाग, हाती काही नाही, आणि ज्या गावातून वाजतगाजत निघाले तिथेच तोंड लपवून परत.

सरदारांवर मी दोष ठेवीत नाही असे नाही, पण न्यायाने बोलले पाहिजे. फेब्रुवारीत त्यांच्या हाती सत्ता नव्हती. इंग्रज सरकारने त्यांच्या शब्दाला किंमत दिली नाही. फौजेची शिस्त बिघडवू नये, उद्या स्वतंत्र हिंदुस्थानलाही फौज लागणारच आहे, हे त्यांचे म्हणणे चुकीचे म्हणता येत नाही. गांधीजींनाही हा हिंसेचा मार्ग पसंत नव्हता. पण त्याच वर्षी सप्टेंबरात हंगामी सरकार आले. सरदार गृहखात्यावर, संरक्षण खाते सरदार बलदेव सिंग यांच्याकडे. त्यानंतर वर्षभरात स्वातंत्र्य. तेव्हा तर सत्ता आपलीच होती. तरी काढून टाकलेल्या खलाशांना परत घेतले गेले नाही. ना भारताच्या नौदलात, ना पाकिस्तानच्या. बाकी सगळ्या बाबतींत भांडणाऱ्या दोन्ही सरकारांचे या एका बाबतीत एकमत झाले. शिस्तीचे कारण मला समजते. पण शरण जाताना त्या पोरांना कोणी असे सांगितले नव्हते की, आम्ही होईल ते करू, मात्र आमचे राज्य आले तरी तुमच्यासाठी दार बंद राहील. तसे सांगितले असते तर रात्रीच्या त्या बैठकीत काय ठरले असते, कोण जाणे.

सरकारने चौकशी समितीही नेमली. पाटण्याचे न्यायमूर्ती फाजल अली तिचे अध्यक्ष, आणि सभासदांत न्यायमूर्ती मेहरचंद महाजन. ही दोन्ही नावे मराठी माणसाच्या चांगली ओळखीची. तेच फाजल अली पुढे राज्यपुनर्रचना आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि तेच महाजन बेळगावच्या सीमाप्रश्नावरचे. त्या दोन निवाड्यांनी आपण किती दुखावलो ते सर्वश्रुत आहे. परंतु खलाशांच्या बाबतीत या समितीने कान देऊन ऐकले असे म्हणायला हरकत नाही. जेवण वाईट होते, पगारात पंक्तिप्रपंच होता, भरतीच्या वेळी जे सांगितले ते पाळले गेले नाही, सुटकेला उशीर होत होता, किंगची भाषा निंद्य होती, हे सारे समितीपुढे आले आणि अहवालात उतरले. अहवाल १९४७ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. म्हणजे पोरांनी केलेल्या तक्रारी खऱ्या होत्या, हे सरकारी कागदावर सिद्ध झाले. शिक्षा मात्र तशाच राहिल्या.

बलाईचंद्र दत्त यांनी पुढे या दिवसांवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले, ते १९७१ साली निघाले. पुढे केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनसाठी ज्या चळवळी मान्य केल्या त्यांत १९४६ चे हे बंडही धरले. त्या वेळी ती पोरे म्हातारी झाली होती. पेन्शनसाठी तुरुंगवासाचे, बडतर्फीचे कागद जोडावे लागतात. ज्या कागदाने आयुष्यभर तोंड लपवायला लावले तोच आता पेटीच्या तळातून काढून सरकारी टेबलावर मांडायचा. कागद जपून ठेवणारी बायको किंवा आई ज्याच्या घरी नव्हती, त्याचे काय झाले असेल?

नौदलाने अलीकडे त्यांची आठवण ठेवली आहे. कुलाब्याला त्या बंडाचे स्मारक उभे आहे. २०२२ च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या संचलनात नौदलाच्या चित्ररथावर १९४६ च्या बंडाचा देखावा होता. दूरदर्शनवर तो पाहताना मी हातातले काम टाकून उभी राहिले होते. आमच्या घरातल्या मुलांनी विचारले, "हे कोण?" तेव्हा मला नीट सांगता येईना, आणि म्हणूनच पुढे वाचनालयात जाऊन ही पुस्तके मागितली.

मंडळाची सहल दर दोन-तीन वर्षांनी गेटवेला जाते, घारापुरीची लाँच धरते आणि संध्याकाळी परत येते. पुढच्या खेपेस लाँच सुटेपर्यंत अर्धा तास हाताशी असेल, तर तिथून कुलाब्याच्या स्मारकापर्यंत जाऊन यावे असे मी चिटणीसबाईंना सुचवले आहे. गेटवेच्या त्याच पायऱ्यांवरून पाव आणि फळांच्या पाट्या होड्यांत उतरवल्या होत्या.